पिंकनींच्या घरावरची नोंद

अमोस पिंकनी यांना मी आयुष्यात दोनदाच पाहिलं. त्यांचा आवाज मात्र सात वर्षं जवळजवळ रोज माझ्या कानात होता.

"ट्रूडीबाई, अमोस पिंकनी बोलतोय. घरातून निघतोय. करडी हॅट, तपकिरी कोट, उजव्या कमरेला पिस्तूल, बटण लावलेलं. आधी न्हाव्याकडे, मग ब्रेड आणायला. अकरापर्यंत परत."

"नोंद घेतली, मिस्टर पिंकनी."

आणि मागून त्यांच्या बायकोचा, अर्डेलाबाईंचा आवाज यायचा. "तिला सांग, मोजेही घातलेत म्हणून. दोन पायांत दोन रंगांचे."

मी टॉलिव्हर काउंटीच्या पोलीस कंट्रोल रूममध्ये फोन घेते. एकोणीस वर्षं झाली. आमच्याकडे एक नंबर आणीबाणीचा आणि एक साध्या कामाचा, कुणाची गाय रस्त्यावर आली, कुणाचा शेजारी मोठ्यानं गाणी लावतो, असल्या तक्रारींचा. पिंकनी साध्या नंबरावर फोन करायचे. ओहायोत कमरेला उघडं पिस्तूल लावून फिरणं गुन्हा नाही, त्याला परवानाही लागत नाही. म्हणजे ज्या माणसानं काडीचाही गुन्हा केलेला नाही, तो ब्रेड आणायला जाण्याआधी स्वतःचं वर्णन पोलिसांना कळवत होता. ही गोष्ट ऐकून लोक हसतात. काय गोड म्हातारा, म्हणतात. मला त्यात गोड काही दिसत नाही. माझं डोकं तेव्हाही तडकायचं आणि आजही तडकतं.

पिंकनींचं सेकंड स्ट्रीटवर कुलपांचं दुकान होतं. एकतीस वर्षं. गावातली निम्मी दारं त्यांनी कधी ना कधी उघडून दिली होती, ज्यांनी पुढे त्यांच्याबद्दल फोन केले त्यांचीसुद्धा. दुकानावर दोनदा दरोडा पडला. दुसऱ्या वेळी त्यांच्याच टेबलावरचा पान्हा त्यांच्या डोक्यात घातला गेला आणि डावा कान कायमचा गेला. तेव्हापासून पिस्तूल कमरेला आलं. दुकान विकलं तरी ते राहिलं. सगळ्यांना दिसेल असं, चामड्याच्या म्यानात, पट्ट्याला. कोटाखाली का ठेवत नाही, असं मी एकदा विचारलं होतं.

"मी कुलूपवाला माणूस," ते म्हणाले. "काहीतरी लपवून दारात येणाऱ्यांपासून लोकांना वाचवणं हा माझा धंदा. मीच लपवायला लागलो तर कसं व्हायचं?"

तर असे हे काळे, सडपातळ, अडुसष्ट वर्षांचे गृहस्थ बाजारात निघाले की आमच्याकडे फोन खणाणायचे. पहिल्या उन्हाळ्यात महिन्याला चौदा. त्यातला एक मला शब्दन्‌शब्द आठवतो. भाजीच्या दुकानातून एक बाई कुजबुजत होत्या.

"इथे एक माणूस आहे. त्याच्याकडे पिस्तूल आहे."

"हातात आहे की कमरेला?"

"कमरेला."

"कुणाला धमकावतोय?"

"नाही."

"मग करतोय काय?"

"टोमॅटो निवडतोय."

"बरं. मग?"

"मग म्हणजे काय? पाठवा ना कुणाला तरी."

आणि मला पाठवावं लागायचं. आमच्या कॉम्प्युटरमध्ये प्रत्येक फोनला एक प्रकार द्यावा लागतो, दिल्याशिवाय पान पुढे सरकत नाही. भुंकणाऱ्या कुत्र्यासाठी दोन प्रकार आहेत, एक दिवसा भुंकणारा आणि एक रात्री. पण पिस्तूल लावून टोमॅटो निवडणाऱ्या माणसासाठी प्रकार नाही. जवळात जवळचा म्हणजे 'सशस्त्र इसम'. तो दाबला की ओळ लाल होते आणि तीन गाड्या सुटतात. खाली मी कितीही लिहिलं, कमरेला आहे, शांत आहे, टोमॅटो घेतोय, तरी गाडी ऐंशीच्या वेगानं हाकणारा पोलीस पहिली ओळ वाचतो. त्याला मी दोष देत नाही. म्हणजे देते, पण थोडा कमी.

मग ते यायचे, पिस्तुलं रोखायचे, पिंकनींचे हात गाडीच्या टपावर, टोमॅटो रस्त्यावर. दहा मिनिटांनी, "ठीक आहे, तुम्ही काही चुकीचं केलेलं नाही," म्हणून निघून जायचे. चुकीचं केलेलं नाही, हे त्याला सांगताय? त्याला माहीत होतं. माहीत तुम्हाला नव्हतं. असं चार वेळा झालं. चौथ्यांदा त्यांना चर्चसमोर ओल्या डांबरावर पालथं झोपवलं होतं, रविवारच्या कपड्यांत, आणि अर्डेलाबाई शेजारी उभ्या राहून पोलिसांना कोट कुठे धुऊन मिळतो ते विचारत होत्या.

आता ड्वेन रप्पचं ऐका. शेतीची यंत्रं विकतो, गोरापान, लालबुंद, दारातून आडवा आत येईल असा. त्याच बनावटीचं पिस्तूल, तीच उजवी कमर, तेच भाजीचं दुकान. सात वर्षांत त्याच्याबद्दल आमच्याकडे एक फोन आला. त्याचा ट्रक कुणाच्या तरी गेटसमोर आडवा लावला होता. चार जुलैच्या, स्वातंत्र्यदिनाच्या मिरवणुकीत तर अकरा जण खांद्याला रायफली लावून निघतात, ड्वेन सगळ्यात पुढे. लोक त्यांना लिंबू सरबत देतात. माझी सख्खी बहीण देत होती. मीही गोरीच आहे आणि मीही एक पेला प्यायले, म्हणून सांगते.

चौथ्या प्रसंगानंतर पिंकनी आमच्या ऑफिसात आले. हॅट हातात, पिस्तूल गाडीत ठेवून. काचेच्या खिडकीशी उभं राहून म्हणाले, "हातात की कमरेला असं विचारणाऱ्या बाई कोण?"

आमच्याकडचे फोन रेकॉर्ड होतात, आणि कुणालाही अर्ज करून ते मागवता येतात. यांनी चारही मागवले होते आणि घरी बसून ऐकले होते. चार वेळा चार वेगवेगळ्या माणसांनी फोन घेतला होता, त्यांपैकी एकीनंच तो प्रश्न विचारला होता.

"मी," मी म्हटलं.

"मग ऐका. घरातून निघताना मी तुम्हाला फोन करत जाईन. काय घातलंय, कुठे चाललोय. नंतर कुणी घाबरून फोन केला तर तुम्हाला कळेल की तो मीच. हे करायला कायद्यानं मी बांधील नाही, हेही लिहून घ्या."

"मग करता कशाला?"

"कारण अर्डेलाला विधवा व्हायचं नाहीये," ते म्हणाले. "आणि मला पिस्तूल लपवायचं नाहीये. या दोन्हींचा मेळ घालायचा तर एवढंच उरतं."

असं ते सुरू झालं. मी रोज त्यांचं वर्णन पिवळ्या चिठ्ठीवर लिहून पडद्याच्या कडेला चिकटवायची. फोन आला की विचारायची, "करडी हॅट? तपकिरी कोट? ते मिस्टर पिंकनी. ओळखतो आम्ही त्यांना." मग पलीकडून तणतण व्हायची. एक बाप्या म्हणाला, "म्हणजे तुम्ही कुणालाच पाठवणार नाही?" मी म्हटलं, "पाठवते की. पिशवी धरायला हवंय का कुणी त्यांना?" त्याबद्दल मला लेखी समज मिळाली. अजून ठेवलीय मी ती, फ्रिजच्या दारावर लावून.

हळूहळू त्या फोनची सवय झाली. पिंकनी मोजकं बोलायचे, कुलपात किल्ली फिरवावी तसं, तेवढंच आणि नेमकं. बोलायचं काम अर्डेलाबाईंचं. बावीस वर्षं शाळेच्या स्वयंपाकघरात चारशे पोरांवर ओरडून त्यांचा आवाज असा झाला होता की त्यांना फोन हातात घ्यायची गरजच नव्हती. स्वयंपाकघराच्या दुसऱ्या टोकाहून त्या माझ्याशी गप्पा मारायच्या. "तिला सांग, हा न्हाव्याकडे चाललाय पण डोक्यावर केस राहिलेत किती ते विचार." "तिला सांग, तुझ्या पोरीच्या तापावर कांद्याचा रस लाव, डॉक्टर गाढव आहे." नाताळात त्यांचा अननसाचा केक आमच्या ऑफिसात यायचा आणि पिंकनींबद्दल फोन करणाऱ्या गावाचे पोलीस तो बोटं चाटत खायचे.

पण मी आठवड्याचे सातही दिवस कामावर नसायची. माझी सुट्टी बुधवार-गुरुवारी. त्या दिवशी खुर्चीत बसणारी पोरं माझ्या चिठ्ठ्या फाडून टाकायची. तिसऱ्या वर्षी एका गुरुवारी पिंकनींना पुन्हा भिंतीला लावलं. शुक्रवारी त्यांनी त्याच आवाजात फोन केला, करडी हॅट, तपकिरी कोट, आणि शेवटी म्हणाले, "काल मी तुम्हाला फोन केला होता, ट्रूडीबाई. तुम्ही नव्हता."

हे माझ्या मनाला फार लागलं. आणि मी ती गोष्ट केली.

कॉम्प्युटरमध्ये कायमची नोंद ठेवता येते. पण ती माणसावर नाही, पत्त्यावर. घर हलत नाही, माणूस हलतो, म्हणून यंत्राला घर बरं वाटतं. हे मला ठाऊक होतं. तरी मी असा हिशेब केला की कुणीही त्यांचं नाव शोधलं तर घर उघडेल, आणि घर उघडलं की नोंद दिसेल. लोकस्ट स्ट्रीटवरच्या त्यांच्या घरावर मी लिहिलं: 'पिस्तूल बाळगतो. उघड, कमरेला, कायदेशीर. निघण्याआधी स्वतः फोन करून कळवतो. वृद्ध, सभ्य. डाव्या कानानं ऐकू येत नाही, उजव्या बाजूनं बोलावं.' मला स्वतःचा मोठा अभिमान वाटला. दुसऱ्या दिवशी मी त्यांना सांगितलंसुद्धा.

"घरावर?" पिंकनी म्हणाले. "पण मी घरात असताना मला कोण घाबरतंय?"

"मी," मागून अर्डेलाबाई म्हणाल्या.

आम्ही तिघंही हसलो. आग रामेश्वरी आणि बंब सोमेश्वरी, हे त्या माणसानं मला तिथल्या तिथे सांगितलं होतं, आणि मी हसण्यावारी नेलं.

दोन वर्षांनी नवा कॉम्प्युटर आला आणि त्याच्याबरोबर नवा साहेब, ब्रेंट कोझाक. माझ्यापेक्षा पंधरा वर्षांनी लहान, शर्टाला इस्त्री कडक. त्यानं फर्मान काढलं की पत्त्यांवरच्या नोंदी गाडीतल्या पडद्यावर एका ओळीत बसल्या पाहिजेत. ज्या नोंदीत शस्त्राचा शब्द असेल तिला लाल खूण लागेल. जुन्या नोंदी यंत्रानं आपोआप छाटल्या. आणि लाल खुणेच्या घरात, पोलीस आधी जाऊन बघेपर्यंत, ॲम्ब्युलन्स शिरणार नाही. हा नियम मी मूर्खपणाचा म्हणणार नाही. ॲम्ब्युलन्सच्या माणसांवरही गोळ्या झाडल्या गेल्यात. पण मी एकदाही ते घर उघडून बघितलं नाही. कशाला बघू? तो माणूस मला रोज फोन करत होता, मला सगळं तोंडपाठ होतं. ही माझी चूक आणि ती मी कुणाच्या गळ्यात घालणार नाही.

मार्चमधला मंगळवार. सकाळचे नऊ चाळीस. फोन आला तो आणीबाणीच्या नंबरावर.

"ट्रूडीबाई, अमोस पिंकनी बोलतोय. आज बाहेर निघत नाहीये. अर्डेला पडलीय."

"शुद्धीवर आहेत?"

"डोळे उघडे आहेत. तोंड एका बाजूला गेलंय. बोलतेय, पण शब्द नाहीत त्यात."

मेंदूचा झटका. हे ओळखायला डॉक्टर लागत नाही, आणि त्यात मिनिटामिनिटाला माणूस हातचा जातो हेही सगळ्यांना माहीत आहे. मी ॲम्ब्युलन्स सोडली. ती जवळच होती. नकाशावर तिचा ठिपका मला दिसत होता, तीन मिनिटांत लोकस्ट स्ट्रीटच्या कोपऱ्यावर पोचली. आणि थांबली.

शेजारच्या खुर्चीवर जोलीन होती, ती गाड्यांशी वायरलेसवर बोलते. मी म्हटलं, "का थांबले ते?"

"लाल खूण आहे त्या घरावर. पोलीस येईपर्यंत नाही जाणार."

"कसली लाल खूण?"

मी घर उघडलं. लाल त्रिकोण आणि पुढे 'पिस्तूल बाळगतो'. बस, एवढंच. माझंच वाक्य, मुंडकं ठेवून धड कापलेलं. कायदेशीर गेलं होतं, सभ्य गेलं होतं, कान गेला होता.

"जोलीन, सांग त्यांना आत जा. ती नोंद माझी आहे. मी ओळखते या माणसाला."

जोलीननं सांगितलं. ते म्हणाले, साहेबांचा हुकूम लागेल. ब्रेंट केबिनमधून आला, कॉफीचा कप हातात.

"खूण म्हणजे खूण, ट्रूडी."

"अरे, मी लावलीय ती खूण."

"मग तुला माहीतच आहे की घरात पिस्तूल आहे. कुठे आहे ते विचार त्याला."

आणि मी विचारलं. जमिनीवर पडलेल्या बायकोचं डोकं मांडीवर घेऊन बसलेल्या माणसाला मी, ट्रूडी व्हानेकनं, विचारलं, "मिस्टर पिंकनी, पिस्तूल कुठे आहे?"



"कपाटात. कुलपात." मग म्हणाले, "तुम्ही विचारताय मला हे?"

जवळची पोलिसांची गाडी नदीपलीकडे होती, पुलावर उलटलेल्या ट्रकपाशी. अजून आठ मिनिटं.

"ट्रूडीबाई, ॲम्ब्युलन्स मला खिडकीतून दिसतेय. कोपऱ्यावर उभी आहे. का येत नाहीये ती?"

"पोलिसांची वाट बघतेय."

"पोलीस कशाला?"

"तुमच्यासाठी," मी म्हटलं.

त्यांच्या श्वासाचा आवाज येत होता, आणि त्याच्यामागे अर्डेलाबाईंचं ते शब्द नसलेलं बोलणं. "मी जाऊन बोलावतो त्यांना," ते म्हणाले. "दोनशे पावलं आहेत."

"नाही. मिस्टर पिंकनी, बाहेर पडू नका. पाया पडते तुमच्या, बाहेर पडू नका." लाल खुणेच्या घरातून काळा माणूस धावत रस्त्यावर आला तर काय होतं, ते मला सात वर्षं चिठ्ठ्या लिहून लिहून पाठ झालं होतं. त्यांनाही ठाऊक होतं. म्हणून ते थांबले. बायको मरायला टेकलेली, मदत डोळ्यासमोर उभी, आणि तो माणूस माझ्या सांगण्यावरून खिडकीशी थांबला. ब्रेंटकडे वळून मी एक शिवी दिली. ती रेकॉर्डवर आहे.

मग पोलीस आले. फोन तसाच चालू होता, मला सगळं ऐकू येत होतं. बाहेर या, हात वर, गुडघ्यांवर बसा. पिंकनी दारापुढच्या ओट्यावर गुडघे टेकून बसले. मग कुणीतरी ओरडलं, "मागे वळ." पुन्हा, "मागे वळ म्हणतोय ना." आणि पिंकनी वळत नव्हते.

"जोलीन, त्या पोलिसाला सांग, त्यांना डाव्या कानानं ऐकू येत नाही. उजव्या बाजूनं बोल म्हणावं. आत्ता सांग, आत्ता."

तिनं सांगितलं. आवाज उजवीकडे गेला, आणि ते वळले. माझ्या त्या लांबलचक, हौशी नोंदीतला एवढाच तुकडा त्या दिवशी कामाला आला, आणि तो पडद्यावर नव्हताच.

ॲम्ब्युलन्सची माणसं आत शिरली तेव्हा सतरा मिनिटं झाली होती. पोलिसाच्या छातीवरच्या कॅमेऱ्यातलं चित्र मी नंतर बघितलं. पिंकनी ओट्यावर गुडघे टेकून, हात डोक्यामागे, बूट नाहीत. एक मोजा निळा होता आणि एक तपकिरी.

अर्डेलाबाई वाचल्या. उजवं अंग गेलं आणि वाचा गेली.

चौकशी झाली. लांब टेबल, साखरेचे डोनट, कागदांचे गठ्ठे. निष्कर्ष असा की प्रत्येकानं नियमाप्रमाणे काम केलं. ते खरं आहे, हीच तर आग लागण्यासारखी गोष्ट आहे. फोन करणाऱ्यांनी फोन केले, यंत्रानं छाटलं, गाडी थांबली, पोलिसांनी हात वर करायला लावले, सगळं नियमात. चोर सोडून संन्याशाला फाशी दिली आणि दोर नीट मोजून घेतला होता म्हणून एकमेकांची पाठ थोपटली.

"नोंद तू लिहिलीस," ब्रेंट म्हणाला. "नसती लिहिलीस तर गाडी थांबलीच नसती."

"आणि तू ती छाटली नसतीस तर?"

"मी नाही छाटली. कॉम्प्युटरनं छाटली."

"काउंटीत अशी लाल खुणेची घरं किती आहेत?"

"दोनशे चौदा."

"ड्वेन रप्पचं आहे त्यात? त्याच्या तळघरात चाळीस बंदुका आहेत. नाताळच्या कार्डावर फोटो पाठवतो तो त्यांचा."

ब्रेंटनं डोनट उचलला. त्याचं उत्तर मी स्वतःच शोधलं. ड्वेनच्या घरावर खूण नव्हती. त्याच्याबद्दल कुणी फोन केला नव्हता, म्हणून कुणाला त्याचं भलं करायची हुक्कीही आली नव्हती. पिंकनींच्या घरावरची नोंद मी त्याच दुपारी परवानगी न घेता पुसली. मला तीन दिवस बिनपगारी घरी बसवलं. माफीनाम्यावर सही केली नाही.

त्या तीन दिवसांतल्या एका दिवशी मी लोकस्ट स्ट्रीटला गेले. नूडल आणि कोंबडीचं भांडं घेऊन, आमच्याकडे दुसरं काही सुचत नाही. दार पिंकनींनी उघडलं. पट्ट्याला काही नव्हतं. फोनवरच्यापेक्षा फार म्हातारे दिसले.

"ती नोंद मी लिहिली होती," मी म्हटलं.

"माहीत आहे. रेकॉर्डिंग मागवलं मी." भांडं त्यांनी घेतलं. "सहाव्या मिनिटाला तुम्ही कुणाला तरी शिवी दिलीत."

"दिली."

"बरं केलंत." मग दाराच्या कडीवर हात ठेवून म्हणाले, "पण मी तुम्हाला माफ केलंय असं समजू नका, ट्रूडीबाई. माझं अजून ठरलेलं नाही."

मी म्हटलं, बरोबर आहे. दार हळूच बंद झालं. आतून दोन कुलपं लागल्याचा आवाज आला.

पुढे सात आठवडे फोन नाही. मी पिवळ्या चिठ्ठ्यांचं पुडकं टेबलाच्या खणात टाकलं. मे महिन्यात एका शुक्रवारी साध्या नंबरावर तोच आवाज आला.

"ट्रूडीबाई, अमोस पिंकनी बोलतोय. घरातून निघतोय. करडी हॅट, कोट नाही, पांढरा शर्ट. कमरेला पिस्तूल नाही. औषधाच्या दुकानात जाऊन येतो. शेजारीण बसलीय अर्डेलाजवळ."

"पिस्तूल नाही तर मग फोन कशाला, मिस्टर पिंकनी?"

"काल तुमची सुट्टी होती. औषधाच्या दुकानातून कुणीतरी तुमच्याकडे फोन केला, याच्या पट्ट्याला काहीतरी आहे म्हणून. दोन गाड्या आल्या. किल्ल्यांचा जुडगा होता."

मी चिठ्ठ्यांचा खण उघडला आणि धाडकन लावला. रागानं, दुसऱ्या कशानं नाही. पलीकडे भांड्यात चमचा वाजला, आणि मागून, स्वयंपाकघराच्या त्या टोकाहून, अर्डेलाबाईंचा आवाज आला. जड, पण तोच.

"तिला सांग."

पिंकनी थांबले. मीही थांबले. सात वर्षांची सवय, पुढचं ऐकायची.

"तिला सांग," त्या म्हणाल्या. "तिला सांग. तिला सांग."

"एवढंच येतं तिला आता," पिंकनी म्हणाले. "दिवसभर तेवढंच. डॉक्टर म्हणतात, पुढचं नाही येणार." मग घसा साफ करून म्हणाले, "पांढरा शर्ट. उजव्या कमरेला किल्ल्या. तेवढं लिहून घ्या."

"नोंद घेतली, मिस्टर पिंकनी," मी म्हटलं, आणि काहीही लिहिलं नाही.